पार्लरमधलं स्टूल

मैत्रिणींनो, पार्लरमधली मुलगी वर्षा-दोन वर्षांत काम सोडते, तेव्हा मालकीणबाई म्हणतात, ‘हिला आवडच नव्हती.’ मला हे मुळीच पटत नाही. आवड भरपूर असते. नवरीला नऊवारी नेसवून, खोपा घालून, मोगऱ्याचा गजरा माळून आरशापुढे उभी केली की तिच्या आईचे डोळे भरून येतात. असं समाधान किती नोकऱ्यांत मिळतं? आयब्रोवर हात बसायला कित्येक महिने लागतात. पण एकदा बसला की गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, ‘त्या ताई आहेत ना आज?’

थकवा येतो तो वेगळ्याच गोष्टींनी. लगीनसराईत पहाटे चारला नवरीच्या घरी, तिथून थेट पार्लरमध्ये. थ्रेडिंगच्या दोऱ्याचं टोक दातांत, मान वाकलेली, पाय दिवसभर जमिनीवर. डबा चार वाजता उघडायचा. वर फेशियलची पॅकेजेस खपवायचं टार्गेट. आणि घरी मूल तापाने फणफणलेलं असलं तरी चेहरा हसरा हवा. हे हसू पगारात कुठेच धरलेलं नसतं, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त पोखरतं ते हेच. ॲपवरून घरोघरी जाणाऱ्या मुलींची पुढची कामंसुद्धा गिऱ्हाइकाने दिलेल्या रेटिंगवर ठरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला ‘अर्बन कंपनी’ या अशाच एका ॲपच्या कार्यालयाबाहेर ब्युटीशियन बायका कमिशन आणि कमाईच्या प्रश्नावर निदर्शनं करत होत्या. त्यांनाही काम नको नव्हतं. त्या कामाचे नीट पैसे हवे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं. अंगातलं बळ संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्याला जमत नाही असं वाटू लागणं, या तिच्या खुणा. तिसरी मला फार लागते, कारण जिचा हात सगळ्यांत सफाईदार, तीच एक दिवस म्हणते, ‘मला काही येत नाही.’ तिला योगासनं सुचवून भागणार नाही. कामाची रीतच बदलायला हवी.

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. आपल्या महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळातच दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आखलेला. गल्लीतल्या पार्लरमध्ये तिघी-चौघीच असतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असले तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आज इथे काही मालकिणीही आल्या आहेत. त्यांना माझं मागणं साधं आहे. अपॉइंटमेंटच्या वहीत रोजचा अर्धा तास जेवणासाठी आधीच लिहून ठेवा, आणि सीझनमध्येही त्यावर कोणाचं नाव घालू नका. प्रत्येकीला एक स्टूल द्या. आठवड्याची सुट्टी ऐनवेळी रद्द केलीत, तर त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या.