खारा वारा आणि चार्जिंगची पिन

(दृश्य : मालवणचा धक्का, सकाळ. होड्यांतून मासळीच्या टोपल्या उतरतायत. एका तांडेलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन.)

वारा कसा फिरणार, बांगडा कुठे मिळेल, आज लिलावात सुरमईला काय भाव निघाला, हे सगळं आता या पिशवीतून कळतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या मदतीने मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती काढते, ती किनाऱ्यावरच्या मोबाईलपर्यंत पोचते. पिशवीत आहे तोवर फोन सुरक्षित. पण चार्जिंगला लावायचा तर पिशवी सोडावी लागते, आणि मग खारा वारा थेट त्या खालच्या भोकात शिरतो.

(दृश्य : बाजारपेठेतलं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. काउंटरवर भिंग, ब्लोअर, सोल्डरिंगची पेन्सिल.)

"काय झाला, काकांनू?"

"कालपासून चार्जच होत नाय. वायर वाकडी धरलंय तर होता, सोडलंय की बंद."

"पाण्यात पडलेलो काय?"

"नाय रे. खिशातच होतो."

कारागीर मान डोलावतो. "खिशातच होतो" हे त्याने पुष्कळ वेळा ऐकलंय, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरंच असतं. फोन समुद्रात पडावा लागत नाही. समुद्रच हवेतून खिशात येतो.

(दृश्य : भिंगाखाली टाइप-सी पोर्ट. मधली जीभ, तिच्यावर ओळीने बारीक पट्ट्या. एक-दोन काळ्या पडलेल्या.)

हे टाइप-सीचं तोंड. साधारण आठ मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर उंच. त्याच्या मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ अशी एक जीभ, आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून २४ संपर्कबिंदू, म्हणजेच त्या बारीक पट्ट्या. शेजारच्या दोन बिंदूंच्या मध्यांत अंतर अवघं अर्धा मिलिमीटर. २०१४ साली या जोडणीचं मानक जाहीर झालं तेव्हा तिचं मोठं कौतुक झालं, कारण वायर उलटी लावा की सुलटी, ती बसते. अंधारात होडीवर चाचपडणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

त्याआधी नोकियाची गोल पिन होती, आधी जाडी आणि नंतर बारीक. २००३ सालचा टॉर्चवाला नोकिया ११०० कोकणातल्या पुष्कळ घरांत अजूनही कपाटात सापडेल. त्या गोल पिनेला चार्जिंगसाठी दोनच संपर्क, तेही ऐसपैस. मीठ साचलं तर फडक्याने पुसायचं आणि पुन्हा लावायचं. त्या पिनेतून फोटो जात नव्हते, लॅपटॉप चार्ज होत नव्हता, हेही खरं. आताच्या टाइप-सीमधून मानकाप्रमाणे २४० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते. एवढं काम एवढ्याशा जागेत कोंबलं की चुकीला जागा उरत नाही.

कागदावर मात्र हे पोर्ट भक्कम आहे. मानकानुसार ते १०,००० वेळा वायर घालून-काढून टिकायला हवं. दिवसातून तीनदा चार्जिंग धरलं तरी नऊ वर्षं होतात. तेवढा काळ तर फोनची बॅटरीही टिकत नाही. मग या दुकानात एवढी गर्दी का?

कारण ती चाचणी यंत्रावर होते. वायर सरळ आत जाते, सरळ बाहेर येते. तिथे कुणी चार्जिंगला लावलेला फोन पोटावर ठेवून आडवं पडून रील बघत नाही. डिझेल इंजिनाची थरथर तासन् तास वायरीतून पोर्टात उतरत नाही. ही थरथर दिसते त्यापेक्षा वाईट. संपर्क एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहतात, वरचा सोन्याचा मुलामा झिजतो, खालचा धातू उघडा पडतो. आणि तो उघडा पडण्याचीच वाट मीठ बघत असतं.

(दृश्य : किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा, हवेत उडणारे तुषार. खिडकीच्या गजांवरचा गंज.)

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. शुद्ध मिठाला त्यासाठी हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून कमी आर्द्रतेतही पाझरतात. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८०च्या वर जाणं नेहमीचं. म्हणजे पोर्टात बसलेला मिठाचा कण एकदा ओला झाला की कित्येक दिवस वाळत नाही. त्यात खिशातला कापसाचा भुगा मिसळला की आत ओलसर, खारट बोळा तयार होतो.

आता वीज आली. खाऱ्या पाण्यातून वीज वाहिली की धनभारित बाजूचा धातू विरघळायला लागतो. म्हणून काळी पडलेली पट्टी बहुधा वीज आणणारीच असते. या पट्टीच्या अगदी शेजारी आहे ती चार्जर आणि फोन यांची आपसात बोलणी करणारी पट्टी. मधल्या अर्ध्या मिलिमीटरवर मिठाचा पूल बांधला गेला की बोलणीच बिघडतात. फोन मध्येच चार्जिंग सोडतो, मध्येच धरतो, आणि आपण वायरीला शिव्या घालतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर नियमाप्रमाणे बनलेल्या चार्जरला लावली तर समोर उपकरण आहे हे कळेपर्यंत चार्जर वीज सोडत नाही. पण चार्जरकडे जुनं चौकोनी टोक असलेली वायर लावली तर तिच्या मोकळ्या टोकाला पाच व्होल्ट कायम असतात. होडीवर अशी वायर बटण चालू ठेवून लोंबकळत असेल तर तिचं टोक फोन न लावताही खराब होत राहतं, आणि तेच खराब टोक पुढे फोनात जातं.

(दृश्य : तांदळाचा डबा. झाकण उघडतं, आत फोन.)

तांदळाबद्दल बोलल्याशिवाय कोकणातली ही फिल्म पुरी होणार नाही. तांदूळ फार तर थोडी ओल ओढेल, मीठ ओढणार नाही. वर तांदळाचा चुरा पोर्टात जातो तो वेगळाच. ॲपलने तर ओला फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय. आणि खोक्यावर आयपी ६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलेलं पाहून फोन घेऊन समुद्रात उतरणाऱ्या पर्यटकांसाठी : तो दर्जा गोड्या पाण्यात तपासून दिलेला असतो. तारकर्लीचा समुद्र त्या परीक्षेला बसलेलाच नाही.

(दृश्य : कारागीर फोन बंद करतो, झाडूतली हिराची काडी तासतो, पोर्टातला बोळा बाहेर काढतो. मग ब्रश आणि अल्कोहोल.)

हिराची काडी. सुई नाही, टाचणी नाही. धातू लागला तर संपर्क खरवडतात, फोन चालू असेल तर शॉर्टही होतात. नारळाची काडी वाकते, पण दुखापत करत नाही. याने भागलं तर ठीक. नाही भागलं तर फोन उघडायचा.

इथे नशिबाचा भाग येतो. कित्येक स्वस्त फोनांत चार्जिंगचं पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतं. स्क्रू काढले, बोर्ड जोडणारी पट्टी सोडवली, नवा बोर्ड बसवला, झालं. पण टॅब, स्पीकर, काही महागडे लॅपटॉप यांत पोर्ट थेट मुख्य बोर्डावर डाख दिलेलं. मग ब्लोअरची गरम हवा, शेजारचे मोहरीएवढे भाग हलू नयेत म्हणून चिकटपट्टी, आणि कारागिराचा श्वास रोखलेला. सगळ्यात जास्त हाताळला जाणारा भाग सगळ्यात अवघड जागी पक्का करायचा, याला रचना म्हणवत नाही.

जीभ कुणाकडे ठेवायची हाही एक निर्णयच असतो. ॲपलच्या २०१२ सालच्या लायटनिंग जोडणीत जीभ वायरीवर होती. ती तुटली तर निदान मोडका भाग हातात दिसायचा. टाइप-सीमध्ये स्प्रिंगा वायरीत आहेत, त्या झिजल्या तर वायर बदलता येते, हे चांगलंच. पण नाजूक जीभ फोनात आहे. ती तुटली की फोन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

(दृश्य : गणपतीच्या आधीचे दिवस. एसटी स्टँड, बॅगा, चाकरमानी.)

गणपतीत चाकरमानी येतात. येताना आईसाठी, बाबांसाठी आपला जुना फोन आणतात. मुंबईत तीन वर्षं लोकलच्या गर्दीत पॉवर बँकेला लटकलेला हा फोन इथे येतो तेव्हाच त्याची पिन अर्धी सैल असते. उरलेलं काम भाद्रपदातली हवा करते.

दुकानात आणखी एक तक्रार असते, आणि तिच्यात मिठाचा दोष नाही. गळ्यात घालायचा नेकबँड इअरफोन नव्या चार्जरवर चार्ज होत नाही, जुन्यावर होतो. गिऱ्हाईक म्हणतं पिन गेली. पिन ठणठणीत असते. टाइप-सी उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन रोधक (रेझिस्टर) लागतात, त्यांवरून चार्जरला समोर कुणीतरी आहे हे कळतं. काही पैशांचे हे दोन भाग स्वस्त मालात सर्रास गाळले जातात. तोंड टाइप-सीचं, आतलं वागणं अर्धवट. हा नेकबँड उघडायचा तर डिंकाने चिकटवलेला, तोडल्याशिवाय उघडत नाही.

(दृश्य : दुकानाच्या कोपऱ्यातला खोका. मेलेले नेकबँड, टॉर्च, ट्रिमर.)

युरोपात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झालाय. फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि त्या भागांत चार्जिंग पोर्ट आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. उपकरण किती सहज उघडतं, भाग मिळतात का, माहिती मिळते का, यावर गुण द्यायचे अशी कल्पना आहे. चांगली आहे.

त्यात एक रकाना मात्र कोकणातून वाढवायला हवा. ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, त्याचं धुकं आणि त्या धुक्यात ठेवलेली वस्तू, अशी आंतरराष्ट्रीय मानकातली चाचणी आधीपासून आहेच. ती या पोर्टांना लावा आणि निकाल खोक्यावर छापा, म्हणजे मालवणच्या गिऱ्हाइकाला पैसे मोजण्याआधी कळेल.