पूर्वेला कोण?

(दृश्य: नवी मुंबईतलं घणसोली गावठाण, सकाळ)

हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागतील, एवढी ही गल्ली. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, तो शेतजमिनीचा. सिटी सर्व्हे झाला नसेल, तर मिळकत पत्रिकाही नाही. मग खरेदीखतात घर ओळखायचं ते चतुःसीमेवरून. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस वाट.

(दृश्य: दस्तलेखकाचं टेबल)

टाइप करणाऱ्याच्या डाव्या हाताला जुनं खत उघडं आहे. ‘पश्चिमेस खाजण.’ टाइप झालं. ते खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, कधीच भरून गेलं, त्यावर सेक्टर वसले. पण ओळ तशीच उतरली. त्याला दोष काय द्यायचा? जागेवर जाण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही.

1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 21 सांगतं की मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन दस्तात हवं. घराशेतांसाठी क्षेत्रफळ, लगतचे रस्ते आणि मिळकती, सध्याचा वहिवाटदार, आणि शक्य असेल तिथे सरकारी नकाशा. वर्णन लिहायचं कुणी, हे मात्र ते कलम सांगत नाही. दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक काही गल्लीत येऊन भिंती मोजत नाहीत. आणि क्षेत्रफळ व चतुःसीमा जुळल्या नाहीत, तर कोर्ट सहसा चतुःसीमा धरतं. म्हणजे सगळ्यात कमी लक्ष देऊन लिहिलेला परिच्छेदच पुढे सगळ्यात भारी ठरतो.

पूर्वी मोजणीची साखळी 33 फुटांची असे, तिचे भाग सोळा, प्रत्येक भाग एक आणा. साखळीभर लांब, साखळीभर रुंद, तो एक गुंठा: 1089 चौरस फूट. म्हणजे आपण ज्या मापात जमीन बोलतो, ते मापच मोजणाऱ्याच्या हातातून आलंय.

आमचं म्हणणं एवढंच: अटी वकिलाने लिहाव्यात, पण मिळकतीच्या वर्णनाचं परिशिष्ट मोजणाऱ्याने लिहावं, नकाशा जोडून, खाली स्वतःची सही करून. खर्च वाढेल, आठवडे जातील, आणि टोकन देऊन बसलेल्याला दम कुठला!

(दृश्य: पुन्हा टेबल. घर विकणाऱ्या आजी खुर्चीत)

“आजी, पूर्वेला कोण?”

“माझी नणंद. तिच्या पागोळ्या आमच्या पडवीत गळतात.”

तो मान डोलावतो, आणि जुन्या खतातलं नाव टाइप करतो. आजींच्या सासऱ्यांच्या वेळच्या शेजाऱ्याचं.