गृहीतकं तपासायची कुणी?

मंडळी, विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की आज विज्ञानाविरुद्ध काहीतरी ऐकायला मिळणार. तसं काही होणार नाही. गृहीत धरल्याशिवाय विज्ञानाचं पाऊल पुढे पडत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. मला विचारायचंय ते एवढंच, की काय गृहीत धरलं, ते कुणी तपासलं, आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष आपल्या जळगाव-धुळ्याच्या शिवारात पोचेपर्यंत ती गृहीतकं वाटेत कुठे गळाली.

सगळ्यांत खोलवरचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी असणारच, असं नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणायचे. त्यावर चार्वाकांनी विचारलं, जो धूर तुम्ही पाहिलाच नाही त्याबद्दल हे कशावरून म्हणता? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने युरोपात हाच पेच मांडला. निसर्ग उद्याही कालसारखाच वागेल, हे प्रयोगाने सिद्ध करायला जावं तर प्रयोगाचा अर्थ लावतानाच आपण ते मानून बसलेलो असतो. पण याचा अर्थ या गृहीतकाची कसली परीक्षाच घेता येत नाही असा नाही. १९७२ साली आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या ओक्लो खाणीच्या युरेनियममध्ये २३५ वजनाच्या अणूंचं प्रमाण थोडं कमी भरलं. ०.७२० टक्के असायला हवं होतं, ते ०.७१७ निघालं. एवढ्याशा फरकाचा माग काढत गेल्यावर कळलं की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे जमिनीतच आपोआप अणुभट्टी चालली होती. मग तिच्या राखेवरून शास्त्रज्ञांनी हेही तपासलं की अणूंमधली बलं तेव्हा आजच्यासारखीच होती का. जवळजवळ तशीच होती. मला विज्ञानाचा हा चेहरा मनापासून आवडतो. ज्याच्यावर आपण उभे आहोत तेच खणून बघायची त्याची तयारी असते.

दर वेळी ती तयारी दिसत नाही. युरेनस हिशेबाप्रमाणे फिरेना, तेव्हा न्यूटनचा नियम बरोबरच आहे असं धरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितीने पलीकडे एक ग्रह असला पाहिजे असं सांगितलं, आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा चुकताना दिसली. याच माणसाने याच भरवशावर आणखी एक ग्रह सुचवला. त्याचं व्हल्कन असं नावही ठेवलं गेलं, पण ग्रह काही मिळाला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की तिथे नियमच अपुरा पडत होता. गृहीतक तेच, एकदा तारलं, एकदा चकवलं. आधीच्या यशाने त्याला कायमचं प्रमाणपत्र मिळत नाही.

आता कपाशीकडे येतो, कारण हे आपण अंगावर झेललंय. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दुसऱ्या जनुकाचं वाण २००६ मध्ये आलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची, आठवते? ती बांधाच्या कडेने लावायची होती. बीटीवर जगून निघालेल्या एखाद्या पतंगाला तिथल्या साध्या पतंगांतच जोडीदार मिळावा, आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीने मरावीत, असा बेत. त्या पुडीत गृहीतकंच भरलेली होती. शेतकरी पाचवा हिस्सा कपाशी अळीला सोडेल. प्रतिकाराचा गुण पिल्लात दबून राहील. प्रत्येक बोंडात विषाची मात्रा पुरेशी असेल. पीक वेळेवर निघेल.

दोन-तीन एकरवाला माणूस अळीसाठी कपाशी लावणार कशी? पुडी कित्येकांच्या घरी तशीच पडून राहिली. आपली वाणं संकरित, त्यामुळे एकाच बोंडात काही सरक्या विषारी आणि काही बिनविषारी. गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते. ती प्रामुख्याने कपाशीवरच जगते, म्हणून साधे पतंग वाढवायला शेजारच्या तुरीचा इथे उपयोग नाही. वर मे महिन्यातली ठिबकवरची लागवड आणि मार्चपर्यंत लांबवलेली फरदड (वेचणीनंतरही राखलेली जुनी कपाशी), म्हणजे अळीला जवळपास बाराही महिने चारा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचंही काय केलं ते तुम्ही बोंडं फोडून पाहिलंय.

ॲरिझोनात शेतकऱ्यांनी बिगरबीटी कपाशीच्या ओळी राखल्या, तिथे बीटी टिकलं. पुढे वांझ पतंग सोडण्याची मोहीम जोडली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. शास्त्र दोन्हीकडे एकच होतं. आपल्याकडे त्याच्या अटी कुणी मोठ्याने वाचून दाखवल्या नाहीत, याचा मला राग आहे, आणि तो शेतकऱ्यावर नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या प्रश्नांच्या आडून कुणी अंगारा-भस्म विकायला आला तर त्याला दारातच अडवा. त्याच्या दाव्याचीही हीच झडती घ्या.

आता तुमच्याकडून ऐकायचंय. मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावा, अळी आत शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, वेचा, लागवड जूनमध्येच करा, असा सल्ला मिळतो. तोही काही गोष्टी धरूनच दिलेला असतो. यंदा ज्यांनी मे महिन्यात लागवड केली त्यांनी आधी बोलावं. डोमकळ्या पहिल्यांदा कधी दिसल्या आणि सापळ्यात पतंग किती आले, ते सांगा. मग जूनवाल्यांनी. दोन्ही हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी लिहू.