वाढत्या मापाचे दप्तर नको

श्रोतेहो, नमस्कार.

जून उजाडला की छत्र्या, रेनकोट आणि दप्तरे यांनी दुकानांचे दर्शनी भाग भरून जातात. मुलांची खरेदी करताना आपल्याकडे एक जुना रिवाज आहे: सगळे काही वाढत्या मापाचे घ्यायचे. गणवेशाची बाही दुमडता येते, बुटाच्या टोकाला कापूस कोंबता येतो, आणि असे कपडे वापरूनच आपल्यातले बहुतेक जण मोठे झालो आहोत. दप्तराच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. पहिलीत घेतलेले दप्तर चौथीपर्यंत चालावे म्हणून मोठे निवडले, तर पहिली तीन वर्षे ते मूल चौथीचे दप्तर वाहत राहते.

याचे कारण समजण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई डोळ्यांसमोर आणावी. ती ताठ चालते, कारण ओझे तिच्या कण्याच्या सरळ रेषेत असते. तोच हंडा कमरेवर घेतला की सारे अंग दुसऱ्या बाजूला कलते. मुलाच्या पाठीवर हेच घडते. दप्तर लांबलचक असेल आणि पट्टे सैल असतील, तर त्याचा तळ कमरेखाली लोंबतो, ओझे पाठीपासून दूर जाते आणि मुलाला मागे खेचू लागते. मग तोल सावरण्यासाठी मूल कमरेतून पुढे वाकते आणि समोर पाहता यावे म्हणून मान वर काढते. एकाच खांद्यावर दप्तर टाकणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांचे अंग कमरेवर हंडा घेतल्यासारखेच एका बाजूला झुकलेले दिसते. त्यांना तशी ऐट वाटते, पण दोन्ही पट्टे खांद्यांवर असल्याशिवाय भार सारखा विभागला जात नाही.

म्हणून दप्तर घ्यायला जाताना मुलाला बरोबर न्यावे आणि दुकानातच ते पाठीवर चढवून पाहावे. जमल्यास चार वह्या घालून पाहावे, कारण रिकामे दप्तर कोणालाही छानच बसते. रुंदी मुलाच्या पाठीपेक्षा जास्त नसावी. वरची कड खांद्यांच्या वर जाऊ नये, आणि तळ कमरेजवळ यावा. कमरेखाली तो फार तर चार इंच उतरावा, त्याहून खाली नको. पट्टे रुंद, आतून गादी असलेले आणि लांबी कमीजास्त करता येणारे हवेत. अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि तिथल्या रक्तवाहिन्या व नसा दाबल्या गेल्याने हाताला मुंग्या येऊ शकतात. पाठीला लागणाऱ्या बाजूलाही मऊ अस्तर असावे, म्हणजे डब्याची कड किंवा कंपासपेटीचा कोपरा टोचत नाही. छातीवर किंवा कमरेवर बांधायचा पट्टा असला तर तो लटकत न ठेवता बांधावा. कार्टूनच्या कडक, उठावदार चित्रांची दप्तरे मुलांना फार आवडतात, पण त्यांतली काही रिकामीच जड असतात. हातात धरून पाहिल्यावर हे लगेच कळते.

आता वजनाचे. केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावे. पहिली-दुसरीसाठी ही मर्यादा साधारण १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, तर नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो अशी आहे. महाराष्ट्र शासनानेही २०१५ मध्ये १० टक्क्यांचीच मर्यादा घातली होती. २० किलो वजनाच्या मुलाच्या वाट्याला त्यामुळे दोन किलो येतात. त्यातले ७०० ग्रॅम दप्तरानेच घेतले आणि एक लिटर पाण्याने एक किलो घेतले, तर बाटली, डबा, पुस्तके आणि वह्या मिळून ३०० ग्रॅम उरतात! शाळेत पिण्याचे चांगले पाणी मिळत असेल, तर छोटी बाटली पुरेशी आहे. बालभारतीने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत विभागून त्यांत वहीची कोरी पाने घातली होती. कल्पना चांगली होती, पण मुले वह्याही नेतच राहिली, आणि पुढे ती पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. शाळेने सांगितलेले वेळापत्रक आणि घरी भरलेले दप्तर यांचा मेळ बसत नसेल, तर छापलेली पुस्तके हलकी करून फारसे साधत नाही.

भरताना सर्वांत जड पुस्तके पाठीला लागून असलेल्या कप्प्यात उभी ठेवावीत आणि हलके सामान बाहेरच्या कप्प्यात. लहान मुलाने दप्तर जमिनीवरून झटक्यात न उचलता बाकावर किंवा ओट्यावर ठेवून पट्ट्यांत हात घालावेत. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाच्या पाठीवर भरलेले दप्तर मुळीच ठेवू नये. गाडीने वेग घेताच ते त्याला मागे ओढते, म्हणून ते पुढे पायाशी ठेवलेले बरे. चाकांच्या दप्तराचा मोह समजण्यासारखा आहे, पण जिना चढताना ते मुलांना लागू शकते म्हणून धोरणाने ते टाळायला सांगितले आहे, आणि आपल्या पावसाळी चिखलात तर ते शेवटी उचलूनच न्यावे लागते.

जड दप्तराने कण्याला कायमचा बाक येतो, अशी भीती अनेक पालकांना वाटते. तसा भक्कम पुरावा नाही. पण पाठ, मान आणि खांदे दुखतात, हे खरे आहे. मूल घरी आल्यावर त्याचा सदरा उतरवून खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ दिसतात का, ते पाहावे. दप्तर चढवायला त्याला कोणाची मदत लागते का आणि हाताला मुंग्या येतात का, हेही विचारावे. दप्तर हलके करूनही दुखणे थांबत नसेल, किंवा रात्री झोपेत पाठ दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि आज रात्री घरातल्या वजनकाट्यावर आधी मूल उभे करावे, मग दप्तरासकट तेच मूल. दोन आकड्यांतला फरक पाहायला शाळेच्या सूचनेची वाट पाहावी लागत नाही.

नमस्कार.