रुपयाएवढ्या नाण्यावरची राणी

नमस्कार मंडळी. आज एकच नाणं घेऊन आलोय. तळहातावर आपला नेहमीचा रुपया आहे असं समजा, साधारण तेवढंच आहे ते, पण सोन्याचं, वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास. त्यावर दोघं जण समोरासमोर उभे आहेत, उजवीकडे राजा, डावीकडे राणी. राजाच्या एका हातात चंद्रकोर लावलेला ध्वज आणि दुसरा हात राणीपुढे केलेला, काहीतरी देतोय तो तिला. अंगठी म्हणा, बांगडी म्हणा, कुणी म्हणतं कुंकवाचा करंडा, जागा इतकी चिमुकली की नक्की काय ते ठरत नाही, मला स्वतःला अंगठीच वाटते.

हा गुप्त घराण्यातला पहिला चंद्रगुप्त, मौर्यांचा नव्हे बरं का, त्याच्यानंतर सहाशे वर्षांनी झालेला, इसवी सन 319-20 च्या सुमाराचा. आणि समोरची कुमारदेवी. ब्राह्मी अक्षरं एकाखाली एक रचून तिचं नाव तिच्या बाजूला कोरलंय, त्याच्या नावाइतकंच ठळक! नाणं उलटं केलं की सिंहावर बसलेली देवी आणि शेजारी एकच शब्द, 'लिच्छवयः', म्हणजे लिच्छवी लोक, म्हणजे चक्क राणीचं माहेर. गुप्त तेव्हा नवे, लिच्छवी वैशालीचे जुने नावाजलेले, या सोयरिकीने गुप्तांचं वजन वाढलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, सोन्यावर छापलं.

आता हे नाणं पाडलं कुणी यावर वाद आहे, नाण्यांचे इंग्रज अभ्यासक जॉन अ‍ॅलन म्हणायचे मुलाने, समुद्रगुप्ताने आईवडिलांच्या आठवणीसाठी पाडलं, आणि आपले कोल्हापूरकडचे इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर म्हणायचे नाही, खुद्द चंद्रगुप्तानेच. आळतेकरांचा शब्द हलका नाही हो, 1946 मध्ये भरतपूरजवळ बयाण्याला गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातली 1821 नाणी त्यांनी एकेक करून तपासली होती. मला त्यांचंच पटतं. कारण समुद्रगुप्ताच्या अश्वमेधाच्या नाण्यावरही राणी आहे, हातात चवरी घेतलेली, पण तिचं नाव कुठेच नाही. कुमारदेवीचं मात्र आहे, म्हणून हे नाणं तिच्या हयातीतलं, तिच्या माहेरच्या मानाचं असावं असं वाटत राहतं.

आणि कुमारदेवीचं हे नाव गुप्तांच्या पाटण्याकडेच राहिलं नाही. तिची पणती प्रभावतीगुप्ता वाकाटक राजघराण्याची सून होऊन विदर्भात आली, नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून कारभार तिनेच पाहिला. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून तिने दिलेला एक ताम्रपट आहे, पुण्यात मिळाला म्हणून पुणे ताम्रपट म्हणतात. दान देणारी वाकाटकांची राणी, पण सुरुवात करते ती गुप्तांच्या वंशावळीने, आणि समुद्रगुप्ताशी आली की आधी तो लिच्छवींच्या लेकीचा मुलगा हे सांगते, मग पणजीचं नाव घेते, महादेवी कुमारदेवी.