आयो! कोणी आहे का घरात?

नमस्कार मंडळी. आज माझ्या शेजाऱ्यांबद्दल बोलणारे, म्हणजे आत्ताच्या कराडच्या नाही, फिलिपिन्समधल्या. मी २०१५ ला मेडिकलला दावाओला गेलो, मिंदानाओ बेटावर आहे ते शहर, तिथे आपल्याकडची बरीच पोरं डॉक्टर व्हायला जातात हे तुम्हाला माहीत असेल, आम्ही चौघं मराठी पोरं एका तीन मजली बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायचो आणि आमच्या भिंतीला भिंत लावून जो फ्लॅट होता त्यात कायम दोन मिशनरी पोरं असायची. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला. पोरं बदलायची, फ्लॅट तोच. सहा वर्षांत पंचवीसेक तरी आली-गेली असतील.

लोक त्यांना मॉर्मन म्हणतात, मीही म्हणायचो. २०१८ मध्ये त्यांच्या चर्चच्या अध्यक्षांनी, रसेल नेल्सन यांनी सांगितलं की आमचं पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. नाव लांबलचक आहे, रेडिओवर दर वाक्याला घेता येणार नाही, म्हणून मी आज नुसतं मिशनरी किंवा एल्डर म्हणतो. एल्डर म्हणजे त्यांच्यात मुलग्यांनी एकमेकांना हाक मारायची पद्धत, एल्डर आणि पुढे आडनाव, मुलींना सिस्टर. पोरगा १८ वर्षांचा, मिसरूड फुटायचंय अजून, आणि त्याला म्हणायचं एल्डर, म्हणजे वडीलधारा.

मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते स्वतः ठरवायचं नाही, चर्चकडून बोलावणं येतं, त्यात देशाचं नाव असतं. पगार नाही, उलट घरच्यांनी पैसे भरायचे. त्या काळी अमेरिकेतल्या कुटुंबाला महिन्याला ४०० डॉलर भरावे लागायचे, पोरगा टोकियोला असो की दावाओला, रक्कम तीच. आजच्या घडीला अशी ७०,००० पेक्षा जास्त पोरंपोरी जगभर आहेत. मला सुरुवातीला वाटायचं हे श्रीमंत घरातले लोक फिरायला येतात, पण एकाने सांगितलं की मी १४ वर्षांचा असल्यापासून बटाट्याच्या शेतात कामाला जाऊन पैसे साठवले, तेव्हा माझ्या वडिलांनी फीसाठी काढलेलं कर्ज आठवलं आणि मी गप्प बसलो.

आता दिवस कसा जायचा ते ऐका. सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडे अलार्म वाजायचा. मग जोर-बैठका, अंघोळ, नाश्ता, नंतर दोन तास अभ्यास, एक त्यांच्या धर्मग्रंथाचा आणि एक भाषेचा. दहाच्या आसपास बाहेर पडायचे ते रात्री नऊला परत. जेवायला यायचे मधे, तेवढंच. साडेदहाला लाइट बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही. पोहायला मनाई. दावाओसमोर सामाल बेट आहे, निळंशार पाणी, आम्ही रविवार आला की बोटीने जायचो, आणि ही पोरं दोन वर्षं त्या समुद्राच्या काठाने चालायची आणि गुडघाभर पाण्यातही उतरायची नाहीत. फिलिपिन्समध्ये गल्लीगल्लीत बास्केटबॉल, आपल्याकडे क्रिकेट तसा, पण त्यांच्या नियमात पूर्ण कोर्टवर खेळायचं नाही, अर्ध्याच कोर्टवर. मारामारी आणि मोडतोड टाळायला असेल. मला ते फार कडक वाटायचं, अजूनही वाटतं.

पण खरा अवघड नियम हा नाहीये. अवघड नियम म्हणजे जोडीदार. कम्पॅनियन म्हणतात. तो तुम्ही निवडायचा नाही, वरून ठरतो, आणि बाथरूम सोडलं तर चोवीस तास तो तुमच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात पाहिजे. चोवीस तास! दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा निरोप यायचा, कोण राहणार कोण जाणार, की बॅग भरून जीपनी, म्हणजे तिथली जीपसारखी बस, पकडायची आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या अनोळखी माणसाबरोबर पुन्हा सुरू. नव्या पोराला ग्रीनी म्हणायचे, त्याला शिकवणारा तो ट्रेनर, आणि ज्याचे दिवस संपत आलेत आणि ज्याचं लक्ष घराकडे लागलंय त्याला म्हणायचे ट्रंकी, म्हणजे ट्रंक भरून बसलेला.

आठवड्यातून एकदा त्या दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकांना सांगायचं, तुझं काय आवडलं आणि काय खटकलं. आमची मधली भिंत प्लायवूडची, सगळं ऐकू यायचं. एकदा एक फिलिपिनो पोरगा बऱ्याच वेळ गप्प राहून म्हणाला, तू माझ्या आईने पाठवलेला सुका मासा वास येतो म्हणून बाल्कनीत ठेवलास, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसरा अमेरिकेतला. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तळलेल्या बुलादचा, म्हणजे सुक्या मासळीचा वास आमच्या खोलीत आला आणि मी खिडकीतून डोकावलो तर तो गोरा पोरगा स्वतः कढईपाशी उभा, डोळ्यातून पाणी येतंय धुराने, आणि मासे उलटतोय. आम्ही चौघं मराठी, एका जिल्ह्यातले, एका भाषेचे, आणि भांडी कोणी घासायची यावरून महिना महिना बोलायचो नाही एकमेकांशी. ते बघून आम्हीही शनिवारी बसायला लागलो. पहिले दोन शनिवार फार कठीण गेले, पण मग जमलं.

दारावर कसे जायचे तेही सांगतो. तिथल्या बिसाया भाषेत कोणाच्या घरासमोर गेलं की कडी वाजवत नाहीत, बाहेरून हाक मारतात, आयो! आतून यायला सांगायचं असेल तर म्हणतात, दायोन! या आत. तर ही पोरं ३५ डिग्रीच्या दमट उन्हात, टाय लावून, घरोघरी आयो, आयो करत फिरायची आणि बहुतेक ठिकाणी दायोन ऐकूच यायचं नाही. पडदा हलायचा, पोरं हसायची, कुत्रं भुंकायचं. फिलिपिन्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत, देवधर्म पाळणारे, त्यांना नवीन चर्च कशाला पाहिजे. मी एकाला विचारलं, किती दारं झाली आज, तो म्हणाला मोजत नाही, मोजलं की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत.

भाषा मात्र त्यांनी अशी उचललेली की आम्हाला आश्चर्य वाटायचं. येण्याआधी अमेरिकेत प्रोव्हो गावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सहा-एक आठवडे भाषेचा पाया घालून घेतात, बाकी सगळं दारादारात. फिलिपिनो पोरांनाही सोपं नसतं हां, कारण बातांगासकडचा पोरगा तागालोग बोलतो आणि दावाओत बिसाया चालते. असाच एक पोरगा एका आजीला म्हणाला तुमच्या तांदळात लांग्गाम झालेत. तागालोगमध्ये लांग्गाम म्हणजे मुंगी आणि बिसायात लांग्गाम म्हणजे पक्षी, ती आजी बिचारी झाडू घेऊन पाखरं हाकलायला उठली. रात्री भिंतीपलीकडे दोघं तोच शब्द घोकत होते.

आमची ओळख झाली ती चहावरून. २०१९ च्या सुरुवातीला एक नवीन ग्रीनी आला, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला, तोच बटाट्याच्या शेतात राबलेला. मी त्या दोघांना घरात बोलावलं आणि आपल्या पद्धतीने आधी चहा टाकला, आल्याचा. दोघांनी हात जोडले, नको म्हणाले. मला लागलं ते, चहाला नाही म्हणणं म्हणजे आपल्याकडे माणसाला नाही म्हणणं. मग त्याने समजावून सांगितलं की १८३३ पासून आमच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे. आईने पाठवलेलं कोकमचं आगळ होतं, त्याचं सरबत केलं, ते चालतंय म्हणाले, दोन दोन ग्लास प्यायले. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असायचा, दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही, आणि त्या जेवणाचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. आमच्याकडे निर्जळी एकादशी आजी करते असं मी त्याला सांगितलं, तर त्याने आजीचं वय विचारलं आणि बराच वेळ तिच्याबद्दलच बोलत राहिला.

त्याने मला त्याचा धर्म सांगितला का? सांगितला. पुस्तक दिलं, प्रार्थनेला ये म्हणाला. मी सरळ सांगितलं की मी येणार नाही, आमच्या घरी विठोबा आहे आणि मला तेवढं पुरतं. धर्म बदलायला सांगत फिरणं मला पटत नाही, हे मी त्याच्या तोंडावर बोललो आणि तुमच्याशीही तेच बोलतोय. त्याचा चेहरा पडला थोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, म्हणाला तुझी बिसाया फार वाईट आहे, वॉर्डात पेशंटशी कसं बोलणार, चल शिकवतो. आणि सोमवारी, तो त्यांचा सुट्टीचा दिवस, पी-डे म्हणतात, कपडे हाताने धुऊन वाळत घालता घालता मला शिकवायचा. आसा मान आंग साकित? कुठे दुखतंय? हे वाक्य मला त्याने शिकवलं. डॉक्टर म्हणून मी पहिल्या पेशंटला जे विचारलं ते एका बटाटेवाल्याच्या पोराने शिकवलेलं होतं.

त्या सोमवारची अजून एक गोष्ट आहे. तोपर्यंत त्यांना घरी फोन करायचा फक्त वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला एक ईमेल. मी आईला रोज व्हिडिओ कॉल करायचो, भाजी काय केली इथपासून. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला, दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी घरी बोलायला परवानगी मिळाली. पहिल्या सोमवारी सकाळी त्याने आमच्या दारात येऊन विचारलं, तुमचं वायफाय वापरू का. दावाओत सोमवारची सकाळ म्हणजे आयडाहोत रविवारची संध्याकाळ. त्याची आई स्क्रीनवर आली आणि पाच मिनिटं दोघंही काही बोललेच नाहीत, ती नुसती बघत होती, मग म्हणाली तू किती वाळलास. आई कुठलीही असो, पहिलं वाक्य तेच बघा.

जुलैत त्याला डेंग्यू झाला. त्या वर्षी फिलिपिन्सभर डेंग्यूची अशी साथ होती की ऑगस्टमध्ये सरकारने राष्ट्रीय साथ जाहीर केली, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खाटा लावलेल्या. मी ड्युटी संपली की जायचो प्लेटलेट बघायला, आणि जाईन तेव्हा त्याचा जोडीदार, तोच बातांगासचा, बाजूच्या लाकडी बाकावर. पाच दिवस. टाय लावून. मी म्हटलं घरी जाऊन झोप, मी आहे ना इथे. तो म्हणाला आम्ही एकट्याने कुठे जात नाही. नियम आहे म्हणून बसला होता हे खरं, पण रात्री तीनला ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसत होता, ते काही नियमात लिहिलेलं नसणार. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने दोघांसाठी घरून मालुंगायचं सूप आणलं, मालुंगाय म्हणजे आपला शेवग्याचा पाला. त्यांच्या चर्चची नव्हती ती.

कामाचं म्हणाल तर नुसता प्रचार नव्हता. डिसेंबर २०१७ ला विंता वादळ आलं, दावाओ नदी फुगली, खालच्या वस्त्या पाण्यात. पाणी उतरल्यावर शेजारची तेव्हाची जोडी चार दिवस सकाळपासून फावडी घेऊन चिखल काढत होती, ज्या घरांनी कधी दायोन म्हटलं नव्हतं त्याच घरांतला. आम्हीही गेलो मग. एक म्हातारी त्यांना म्हणाली, मला नानाय म्हणा, म्हणजे आई, पोरांनी वाकून तिचा हात कपाळाला लावला, तिथे त्याला मानो म्हणतात, आपण पाया पडतो तसं. पुढे त्या घरातलं कोणी त्यांच्या चर्चमध्ये गेलं नाही, माझ्या माहितीत तरी नाही.

आपल्या भागाशी यांचा संबंध जुना आहे बरं का. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी जहाजाने मुंबईत आला, पुण्यातही राहिला, छोटीशी मंडळी जमवली. चार-पाच वर्षांत ते काम गुंडाळलं गेलं. मला त्याच्या धर्मापेक्षा एवढंच वाटतं की पुण्याच्या कुठल्या गल्लीत तो उभा राहिला असेल, काय हाक मारत असेल, आणि घरी पत्र पोचायला किती महिने लागत असतील.

मार्च २०२०. कोरोना. चर्चने परदेशी मिशनऱ्यांना घरी बोलावलं. माझा आयडाहोवाला तेव्हा मिंदानाओतच दुसऱ्या गावी होता, विमानतळावरून फोन आला, काल रात्री कळलं, बॅग भरायला दोन तास मिळाले, कोणाचा निरोप घेता आला नाही. आणि रडायला लागला. म्हणाला त्या म्हातारीला सांग, ह्याला सांग, त्याला सांग, दहा-बारा नावं घेतली, पत्त्यासकट. लॉकडाऊन उठल्यावर मी जमेल तेवढ्या घरी गेलो. बाहेर उभं राहून हाक मारली, आयो. आणि त्या दिवशी कळलं की अनोळखी दारात उभं राहिल्यावर घशाला कशी कोरड पडते.

आता तो घरी शेती बघतो, लग्न झालंय. मी इथे ग्रामीण रुग्णालयात. दोघांनाही इंग्रजी येतं, तरी बोलतो बिसायातच, कारण त्याच्या गावात ती बोलायला कोणी नाही आणि माझ्याही नाही, आणि नाही बोललं तर विसरायला होतं. महिन्या-दोन महिन्यांनी रात्री फोन वाजतो. मी उचलतो. पलीकडून हॅलो येत नाही.

आयो!

मी म्हणतो, दायोन.