वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफ यांचे ख्रिस्तमंदिर

वसईची खाडी समुद्राला मिळते त्या टोकावर, ताडामाडांच्या झाडीतून वर आलेला हा मनोरा संत जोसेफ यांच्या ख्रिस्तमंदिराचा आहे. छप्पर केव्हाच गेले. मात्र भिंती, वेदीवरची कमान आणि हा मनोरा उभा आहे.

प्रवेशद्वाराच्या माथ्यावरची ही शिळा सावकाश पाहावी. पोर्तुगीज भाषेतील या कोरीव लेखात १६०१ हे साल आहे. आलेइशु द मेनेझिस हे गोव्याचे आर्चबिशप आणि पेद्रू गाल्व्हांव परैरा हे येथील प्रमुख धर्मगुरू असताना या ‘मात्रीझ’ची, म्हणजे शहराच्या मुख्य ख्रिस्तमंदिराची, फेरबांधणी झाली, असे हा लेख सांगतो. धर्मगुरूंचे नाव दगडावर राहिले. ज्या पाथरवटांनी ही अक्षरे कोरली आणि ज्या गवंड्यांनी या भिंती चढवल्या, त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. पण त्यांच्या हाताचे काम प्रत्येक चिऱ्यात दिसते.

फेरबांधणी म्हटल्यावर आधीची वास्तू आलीच. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्या आज्ञेवरून १५४६ मध्ये येथे हे मंदिर उभे राहिले. वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली, तटाच्या आत वाडे, मठ आणि इतर ख्रिस्तमंदिरे उभी राहिली आणि वाढत्या शहराला साजेसे रूप या मंदिराला १६०१ मध्ये मिळाले. ज्यांना जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर हौतात्म्य आले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले, ते गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र होते.

मनोऱ्याच्या पोटातील हा चक्री जिना खालून पाहिला, की दगडी पायऱ्या एकीवर एक वळत उजेडाकडे जाताना दिसतात. बाहेरच्या भिंतीवर गिलावा जिथे गळून पडला आहे, तिथे दगड आणि चुन्याचे मूळ काम उघडे पडले आहे, आणि प्रत्येक पावसाळ्यात सांध्यांत रुजणारी पिंपळाची रोपे वेळीच काढली नाहीत, तर मुळे भिंत फोडतात. ही निगा वर्षातून एकदा घेऊन भागत नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले आणि हे मंदिर ओस पडले.

वसईच्या मोहिमेतील घंटा देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील या घंटेवर १७०७ हे साल आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटाही त्याच मोहिमेची आठवण म्हणून ओळखली जाते.

किल्ल्याबाहेरच्या गावांत मात्र प्रार्थना थांबली नाही. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अधिकारातील विभाग, झाला, त्याचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य ख्रिस्तमंदिर, पापडी येथे आहे, आणि तेथील मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, मराठीत होते. घरात कुपारी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलणारे हे भाविक किल्ल्यात येतात, तेव्हा ते स्वतःच्याच गावाचा इतिहास पाहायला येतात.

सकाळचे ऊन आता दारावर आले आहे. शिळेवरच्या अक्षरांच्या खाचांत शेवाळ साचले आहे, तरी तिरप्या उजेडात १६०१ चे चारही आकडे वाचता येतात.